वासुदेवराव हिरवे का दिसत होते

तीन पिवळे, एक हिरवा. काटोल रोडवर संत्र्याच्या खोक्यांचं गोदाम पेटलं होतं. मे महिन्याची दुपार. मी समोर जीपमध्ये टॅब घेऊन बसले होते.

मी बायोमेडिकल इंजिनियर. आमच्या कंपनीनं फायरच्या जवानांसाठी स्मार्ट बनियन बनवलं आहे. ते फायर कोटाच्या आत घालायचं. छातीवर तापमानाचा सेन्सर, खाली बरगड्यांवर नाडी मोजणारा पट्टा. अंग तापलं की टॅबवर नाव पिवळं होतं, म्हणजे माणसाला बाहेर बोलवा, पाणी पाजा. लाल झालं की ओढून आणा. आमची आई म्हणते, इतकं शिकून पोरगी बनियन शिवून राहिली. तिचं फारसं चुकत नाही.

त्या दिवशी ट्रायल होती. पिवळे तिघं नियमाप्रमाणे बाहेर आले. गोदामाच्या शटरशी पाइप धरून उरले वासुदेवराव. चौघांत सगळ्यांत मोठे, बावन्न वर्षांचे, आणि टॅबवर हिरवेगार. स्टेशन ऑफिसर खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू.

मग कोपऱ्यात बारीक अक्षरांतली नाडी दिसली. एकशे सत्तर. आमच्याकडे रंग फक्त तापमानावर ठरायचा, त्यामुळे तिकडे कोणी बघतच नव्हतं.

बॉसना फोन केला. ते म्हणाले, घामानं पट्टा सरकला असेल, ऑर्डर मिळायची आहे, साहेबांसमोर शंका काढू नकोस. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं. पण पट्टा सरकला की आकडा उड्या मारतो. हा तर एकेक पायरी चढत होता.

मी ऑफिसरांना म्हटलं, वासुदेवरावांना बाहेर बोलवा.

"काहून मॅडम? तो तं हिरवा दिसून राहिला. त्याले काढलं तं पाइप कोण धरंल?"

"साहेब, टॅब चुकतोय. माझं मशीन चुकतंय."

ऑफिसरांनी पाणी पिणाऱ्या एकाला पाइपवर पाठवलं आणि वासुदेवरावांना हाक मारली.

ते दहा पावलं चालले आणि गुडघ्यांवर बसले. बोलणं बरळल्यासारखं. कोट उघडला तर बनियनच्या आत, छातीला लावून, घडी घातलेला ओला दुपट्टा. आमचा सेन्सर इतका वेळ त्या दुपट्ट्याचं तापमान सांगत होता.

धंतोलीच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना दोन दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. मला बघून उठली.

"मॅडम, दुपट्टा म्याच ओला करून देल्ता. दर उन्हाळ्यात देतो. माह्यामुळं झालं का हे?"

मला रडूच आलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, नाही हो काकू, माझ्यामुळं झालं. मी नागपूरची. लहानपणी आई माझ्याही डोक्याला ओला दुपट्टा बांधायची. पण ट्रायलच्या फॉर्ममध्ये मी बीपी विचारलं, शुगर विचारली, उन्हापासून वाचायला तुम्ही काय करता, हे विचारलंच नाही.

आता तापमान आणि नाडी जुळली नाहीत तर नाव सरळ लाल होतं. आणि फॉर्मवर पहिला प्रश्न आहे: बनियनच्या आत काय घातलं आहे? बॉस म्हणाले, हे लिहिणं बरं दिसत नाही. मी तसंच ठेवलं.