दिवा नसलेला खांब

सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लंडनमधल्या स्टॅनमोरला आले तेव्हा त्यांचा दिवस कसा जाणार, याचीच मला काळजी होती. नवरा रोज ऑफिसला, मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायचे. बाबांना टीव्हीची आवड नव्हती. ते चालायला बाहेर पडायचे आणि संध्याकाळी माझ्यासमोर प्रश्न ठेवायचे. कोपऱ्यावरच्या दगडी हौदात फुलं का लावली आहेत? टेकडीवरच्या विटांच्या चर्चला छप्पर का नाही, आणि त्याला लागूनच दुसरं चर्च कशाला बांधलं? सहा वर्षं मी इथं राहत होते, पण मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. तो हौद गाड्यांच्या घोड्यांना पाणी पाजण्यासाठी होता, हे मी इंटरनेटवर शोधून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार प्रश्न आणले.

एका बुधवारी ते जेवताना म्हणाले, "हातातलं काम संपलं की चल जरा. एक खांब दाखवायचाय."

खांब आमच्याच रस्त्याच्या टोकाला होता. हिरवा, बिडाचा, शेजारच्या दुमजली घरांहून उंच. वर ना दिवा, ना वायर, नुसता एक छोटा मुकुट. त्याच्याजवळच माझी गाडी कितीदा तरी उभी केलेली.

"जुना लॅम्प पोस्ट असेल, बाबा."

त्यांनी खांबाला कान लावला. मला संकोच वाटला, कारण समोरच्या घरातल्या आजीबाई कुंपण कापायचं थांबवून आमच्याकडे बघत होत्या. निवृत्त शिक्षिका, जन्मापासून याच रस्त्यावर राहिलेल्या. त्या रस्ता ओलांडून आल्या.

"लहानपणी शाळेत जाताना आम्ही याला हात लावून जायचो," त्या म्हणाल्या. "आई सांगायची, युद्धात याचा दिवा काढून नेला."

मी बाबांना मराठीत सांगितलं. ते हसले. "दिवा कधी नव्हताच. आतून पोकळ आहे हा. खाली मैल्याची मोठी लाइन आहे, तिच्यातला वायू वर सोडायला उभा केलाय. माणसांच्या नाकाच्या वर."

आजीबाईंना हे इंग्रजीत सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांनी मात्र लगेच विचारलं, "यांना कसं माहीत?"

इथं मला थांबावं लागलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरी सांगितलं होतं की मुलाचे वडील सांगलीला नगरपालिकेत इंजिनिअर आहेत. ते ड्रेनेज खात्यात होते, हे मला लग्नानंतर वर्षाने कळलं, तेही एका नातेवाइकाने चेष्टेत 'गटारसाहेब' म्हटलं म्हणून. घरात त्या नोकरीबद्दल कोणी बोलत नसे. ते स्वतः तर नाहीच.

"सांग ना," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षं हेच केलंय."

मी सांगितलं. आजीबाईंनी हातातली कात्री खांबाशी टेकवून ठेवली. "मग ही लाइन जाते कुठं?"

पुढचा तासभर आम्ही तिघं रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणांचा माग काढत चालत होतो. बाबा पुढे. एका झाकणावरून दुसरं कुठं असेल ते ते आधीच सांगायचे, आणि ते तिथं असायचं. लायब्ररीच्या मागे, झाडीत, तसाच दुसरा खांब निघाला. आजीबाईंनी त्याच्यावरच्या फांद्या बाजूला केल्या. मग म्हणाल्या, "मी या भागाचा इतिहास लोकांना दाखवत फिरते, आणि हा मला माहीत नव्हता."

महिन्यातून एका शनिवारी त्या दहाबारा जणांना परिसर दाखवायच्या. पुढच्या फेरीत त्यांनी बाबांना बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या खांबाशी ते मराठीत बोलले, मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. एका गृहस्थाने विचारलं, आता हे काढून टाकायला काय हरकत आहे?

"ते इथल्या इंजिनिअरला विचारा," बाबा म्हणाले. "मी एवढंच सांगतो. आमच्याकडे चेंबरमध्ये माणूस उतरायचा. झाकण उघडून वायू जाऊ दिल्याशिवाय मी कुणाला उतरू देत नसे. एकदा मी रजेवर होतो. तेव्हा घाई झाली. दोघं गेले."

हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. ते मी इंग्रजीत सांगितलं. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांनी टोपी काढली. मग आजीबाई हळूच म्हणाल्या, "त्यांची नावं काय होती?"

बाबांनी दोन्ही नावं सांगितली, वडिलांच्या नावासकट. आजीबाईंनी ती वहीत लिहून घेतली, स्पेलिंग मला विचारून.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही?"

"कोणी विचारलंच नाही गं," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

पुढच्या मंगळवारी ते एकटेच आजीबाईंबरोबर टेकडीवरच्या पडक्या चर्चला गेले. बाबांना इंग्रजीची जेमतेम चार वाक्यं येत होती, आजीबाईंना मराठी मुळीच नाही. दोन वाजून गेल्यावर परतले. बुटांना चिखल, आणि चेहरा उजळलेला.

"पावसाचं पाणी जायला भिंतीतच वाट ठेवलीय," ते बूट काढता काढता म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."