बादलीतली जमीन

आमच्या चांदवडच्या शेतावर उन्हाळ्यात दोघांना न चुकता पाणी मिळायचं, म्हशीला आणि अर्थिंगला. मोटरीच्या खोलीमागे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खड्डा खणून त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा आणि जाडं मीठ भरलं होतं. त्यात रोज कळशीभर पाणी ओतायचं काम माझं. "खड्डा वाळला की अर्थिंग मेलं," अण्णा म्हणायचे. वडिलांचं मी एवढं एकच वाक्य आयुष्यात मनावर घेतलं, आणि तेच मला नडलं.

अण्णांना हौशी रेडिओचं वेड. परवाना काढून, स्वतः सेट जुळवून ते कुठकुठल्या माणसांशी गप्पा मारत. पुढे शेत सोडून शहरात, इंदिरानगरात राहायला आलो तेव्हा गच्चीवर आधी त्यांची एरिअल चढली, मग पाण्याची टाकी. मलाही त्यांनी परवाना काढायला लावला. "एकदा बोटीवरून बोलायचंय रे," हे त्यांचं जुनं टुमणं. ते राहूनच गेलं. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरला, कंबर गेली आणि ते अंथरुणाला खिळले. सेट उशाशीच होता, पण त्यावरचं फडकं त्यांनी काढलं नाही. आमच्याशी बोलणंही "हो" आणि "नको" एवढ्यावर आलं.

मी ठरवलं, बोटीवरून आपणच हाक मारायची. दुपारी चारला सेट लावून ठेवा, असं त्यांना सांगून निघालो. ते "हो" म्हणाले नाहीत, "नको"ही म्हणाले नाहीत.

गंगापूर धरणावर ओळखीचा एक नाववाला होता. त्याच्या फायबरच्या बोटीत मी सेट, बॅटरी, उभी एरिअल चढवली आणि शेवटी, कण्हत कुंथत, एक भरलेली बादली.

"दादा, ह्यात काय हाय?"

"अर्थिंग."

"माती दिसती."

"माती, कोळसा, मीठ. मधे तांब्याचा पत्रा."

"लय भारी. मंग वर तुळस लावू का?"

मी अडाण्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. एरिअलला जमिनीचा आधार नसला तर बाहेर जायची शक्ती सेटकडेच उलटते आणि हात लावाल तिथे चटके बसतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? धरणाच्या मध्यावर मी बादलीत तांब्याभर पाणी ओतलं, अगदी श्रद्धेनं. वायर जोडली. माइक ओठांशी नेला, बटण दाबलं आणि पाण्यावरून वडिलांना पहिला शब्द पाठवला:

"आई गंऽऽ!"

माइकच्या जाळीनं ओठाला इंगळी डसावी तसा चटका दिला. पुन्हा बटण दाबलं. "आयला!"

"घरी भांडण झालंय का, दादा?" नाववाल्यानं काळजीनं विचारलं.

एवढ्यात सेट खरखरला. "कोण कण्हतंय? ओव्हर."

फडकं निघालं होतं!

माइक रुमालात धरून, तोंडापासून हातभर लांब ठेवून मी ओरडलो, "अण्णा, मी! बोटीवरून! चटके बसतायत. ओव्हर."

"अर्थिंग कुठं केलंस? ओव्हर."

"बादलीत. ओव्हर."

"बादली कुठंय? ओव्हर."

"बोटीत. ओव्हर."

"आणि बोट? ओव्हर."

मी चहूकडे पाहिलं. "पाण्यात," म्हणालो. ओव्हर म्हणायची हिंमत झाली नाही.

"अरे गाढवा, खाली अख्खं धरण आहे! पत्रा उपट आणि सोड पाण्यात. ओव्हर."

मी चिखलातून पत्रा उपटला, वायरीसकट काठावरून खाली सोडला. बटण दाबून माइकच्या जाळीला भीत भीत बोट लावलं. चटका जवळजवळ गेला होता.

"आता कसा येतोय आवाज? ओव्हर."

"छान येतोय." मग हळूच, "एक विचारू? बादलीत पाणी ओतलं होतंस? ओव्हर."

"ओतलं होतं, अण्णा. खड्डा वाळला की अर्थिंग मेलं ना. ओव्हर."

मग अण्णा हसायला लागले. एकाचं बटण दाबलेलं असलं की दुसऱ्याला बोलता येत नाही, म्हणून बोलणं संपताच ते सोडायचं, ही शिस्त त्यांनीच मला लावलेली. त्या दिवशी ते बटण सोडायलाच विसरले. खोकत, दम घेत, पुन्हा हसत राहिले. आज अण्णा नाहीत. त्यांचा आवाज आठवायला गेलो की हाच आधी येतो.

"कोण हसतंय?" नाववाल्यानं विचारलं.

"माझे वडील."

नीट ऐकू यावं म्हणून त्यानं बोटीचं फटफटणारं इंजिन बंद केलं.