हुलक्याले खरं सांगू नोको

हे मी तोंडानं कोनाले सांगत नाई. सातवी शिकली आहे, लिहता येते, म्हनून लिहून राह्यली. लिहलेलं हुलक्याले ऐकू येत नाई असं मले वाटते. त्याले वाचता येत असंल तर मंग मेलीच मी.

हुलक्या म्हनजे माझ्या सासरच्या गावचा देव. माहेरी मी त्याचं नावबी ऐकलं नोव्हतं. माहेर गडचिरोलीच्या जवळ, डांबरी रस्त्यावर, तिथी देव म्हनजे सरळ देव, नारळ फोडला, हात जोडले, जे पाह्यजे ते मांगलं, झालं. सासर आत जंगलात, धीवराचं गाव, एक मोठा तलाव, अन् तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली हा काळा गोटा. गोट्याचं तोंड पान्याकडे, पाठ रस्त्याकडे. समोर कोनी जात नाई. हात जोडाचे तर पाठीलेच जोडाचे.

लगन होऊन आली तवा सासूनं मले चुलीच्या आंधी हे दाखवलं. म्हनली, "हे पाह्य पोरी, ह्याच्याजवळ खरं बोलू नोको. ह्याले खोटं सांगा लागते."

"देवाले खोटं?" मी हासली.

"हास, हास. तुले समजंल."

तिचं म्हननं असं, का जुन्या मानसाईनं तलाव खोदला तवा पानीच ठह्यरे ना. मंग हा म्हनला, मले खरं बोललेलं सहन होत नाई, मले हासवा, मंग पाहतो. तवा सारं गाव कोरड्या तलावाच्या पाळीवर उभं राहून बोंबललं, बाप्पा किती पानी, बुडालो, बुडालो, अन् ह्याले हासू आलं, अन् हासता हासता तलाव भरला. तवापासून हे असं. डोंगा मासोळ्यानं भरून आला तरी आमचे मानसं पाळीवर येऊन म्हनतात, "खाली आलो गा, काईच नाई भेटलं," अन् एक बारीक मासोळी मांगं न पाह्यता त्याच्याकडे फेकतात.

मी एकदा नवऱ्याले इचारलं, "मासोळी पाहून त्याले समजत नसंल का, का हे खोटं बोलून राह्यले?"

तो म्हनला, "समजते न. समजूनच तर मजा घेते."

मले ते आवडलं नाई. ज्याले सारं समजते अन् तरी मजा घेते, त्याचा भरोसा काय?

अन् त्याचे खेळ एकच का. तो वळखीच्या मानसाचा आवाज काढते म्हने, म्हनून आमच्या गावात पहिल्या हाकेले कोनी मांगं पाहत नाई, तिसऱ्या हाकेले ओ देतात. तो रूपबी घेते. ज्याची आपन वाट पाहून राह्यलो न, नेमकं त्याचंच रूप घेऊन येते. वळखाची एकच खूण. पानी देऊन पाहाचं. तो पानी पेत नाई, सारा तलाव त्याच्याच पोटात, कायले पेईन? म्हनून आमच्या घरी पाव्हना आला का पहिले लोटा पुढं, अन् साऱ्याईचे डोळे त्याच्या गळ्यावर. पहिल्यांदा माझे भाऊ आले तवा सासू त्याईच्या गळ्याकडे अशी पाहून राह्यली होती का भावाले ठसकाच लागला.

पोरगा झाला अन् माझं हासनं बंद झालं. लेकराचं तर साऱ्यात कडक. गुटगुटीत असंल तर म्हनाचं, "किती वाळून गेलं वो." बिमार असंल तर म्हनाचं, "मस्त आहे, खेळून राह्यलं." घरातबी तसंच, कारन तो कुठी बसून ऐकत असंल सांगता येत नाई. मीबी म्हनाची. कोनी पाळन्यात पाह्यलं अन् "गोरा आहे वो" म्हनलं का मले घाम सुटे. ही बाई नवी आहे का? हिले माहीत नाई का? का जानूनबुजून म्हनली?

पोरगा बसाले लागला होता, तवाची गोष्ट. बांध्याईमंदी धान उभं होतं, नवरा बल्लारपूरले मजुरीले गेलेला, घरी मी अन् सासू. पोराले ताप आला. एक दिवस येवाचा, थरथर कापाचा, दुसऱ्या दिवशी उतराचा, मंग पुन्हा. सासू शेजारनीले म्हने, "मस्त आहे नातू. लय खेळते." अन् आत येऊन त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवे, डोळे पुसे. मी पाहून राह्यली होती. मनात म्हने, आता तरी खरं सांग कोनाले. पन तिले सांगाची हिंमत नाई अन् मलेबी नाई.

मले वाट होती ते नर्सबाईची. आमच्याकडे पहिले एक म्हातारी नर्सबाई ये, तिले आमचं सारं माहीत. आमी "मजेत आहे" म्हनलं का ती सरळ थर्मामीटर काढे, अन् "वाळून गेलं" म्हनलं का हासून पुढं जाये. तिची बदली झाली अन् हे नवी आली, नागपूरकडची, पहिल्यांदाच आमच्या गावात. फाट्यावर यस्टीतून उतरली, चालत आली, दमली, अन् बसली कुठी? त्याच मोहाच्या सावलीत, हुलक्याच्या गोट्याले पाठ टेकून!

बाया जागच्या जागी उभ्या. एकीनं माझं मनगट धरलं. माझी सासू लोटा घेऊन पुढं झाली, "घ्या बाई, पानी."

"नको नको, माझ्याकडे आहे," म्हने, अन् पिशवीतल्या बाटलीले हात लावला. पेलीबी नाई, नुसता हात लावला.

आता मले सांगा, मी काय समजाचं? जिची वाट पाहून राह्यली तेच आली, गोट्याले टेकून बसली, पानी नाई म्हनली.

तिनं माझ्याकडे पाह्यलं. पोरगा पदराखाली, ताप नुकताच उतरला होता, गुंगीत होता. "बाळ कसं आहे?"

साऱ्या बाया माझ्या तोंडाकडे. गोटा तिच्या पाठीले. मी म्हनलं, "मजेत आहे. लय खेळते." अन् डोळ्यानं तिले सांगत होती, पाह्य न माय, हात लाव न एकदा. पन तिले डोळ्याची भाषा काय समजनार. का समजली अन् मजा घेतली? तेच मले वाटून राह्यलं होतं.

"छान! झोपलंय, उठवू नका," म्हने. "तुमच्या गावातली सगळीच बाळं ठणठणीत दिसतात. मला तर सांगितलं होतं इथे घरोघरी ताप आहे म्हणून."

मंग त्या बाईनं साऱ्याईले लाल गोळ्या वाटल्या अन् गेली फाट्याकडे.

घरी आली, पोराले खाली ठेवलं, त पुन्हा तापला, अन् ह्या वक्ती कापलाच नाई. नुसता पडून. छातीले लावलं त तोंड उघडे ना. मान अशी मांगं गेली. मी उचलला अन् निघाली.

सासू दारात आडवी. "कुठी?"

"नर्सबाईच्या मांगं."

"नर्सबाई आहे का कोन आहे ते? पानी पेली का ते? पोरगा मस्त आहे, समजलं? मस्त आहे!"

इतक्या जोरानं म्हनली का मले सासूचाबी संशय आला. ही काऊन मले आडवून राह्यली? हिची तरी वळख पटली का कधी मले? दोन वर्सं झाले, हिचं एक बोलनं मले सरळ समजलं नाई. आता इथी उभी आहे ते माझी सासूच आहे न? मी लोटा उचलला, पान्यानं भरला, तिच्या काखेखालून निघाली. एका हातात पोरगा, एका हातात लोटा, चपला घरीच.

पाळीवर आली अन् माझ्यानं राह्यवलं नाई. खोटं तर साऱ्याईनं सांगून झालं होतं, मंग काऊन बरं वाटून नाई राह्यलं? मी फिरली अन् सरळ गोट्याच्या समोर गेली, जिथी कोनी जात नाई. म्हनलं पाहू तर दे तोंड कसं आहे. तोंडच नोव्हतं. ना डोळे, ना नाक, सपाट दगड, पान्याचा उजेड त्याच्यावर हालून राह्यला होता. मी म्हनलं, "पोरगा मरून राह्यला माझा. हे खरं आहे. आता कर काय कराचं ते." अन् धावली. मांगून कोनी हासते का म्हनून कान मांगंच होते.

फाट्यावर यस्टी आली नोव्हती. नर्सबाई उभी होती, माझ्याकडे पाठ करून, पदर डोक्यावर. मी हाक मारली, "ओ बाई!"

पहिल्याच हाकेले ती वळली.

माझे पाय तिथीच थांबले. आमच्यात कोन वळते पहिल्या हाकेले? ती लगबगीनं माझ्याकडे आली, हात पुढं केले पोराले घ्याले, अन् मी पोरगा मांगं केला, लोटा पुढं केला.

"पानी प्या पहिले."

"अहो काय झालंय बाळाला? बघू."

"पहिले पानी!"

"आत्ता तर म्हणालात मजेत आहे!"

"मजेत आहे म्हनूनच तर सांगून राह्यली न बाई!"

"म्हणजे?"

"म्हनजे नाई मजेत! प्या न वो, पाया पडतो, प्या!"

तिनं माझ्याकडे पाह्यलं, पोराच्या लोंबत्या मानेकडे पाह्यलं, लोट्यातल्या गढूळ पान्याकडे पाह्यलं. मंग लोटा तोंडाले लावला अन् घटघट पेली. मी तिचा गळा पाहत होती. वर गेला, खाली आला, वर गेला, खाली आला. थोडं पानी हनवटीवरून ब्लाउजवर सांडलं. मंग मी पोरगा तिच्या हातात ठेवला अन् तिथीच खाली बसली.

तिनं पोराच्या बोटाले सुई टोचली, काचेवर रक्ताचा थेंब घेतला, गोळी चुरून चमच्यानं पाजली, माझाच पदर भिजवून आंग पुसलं, अन् यस्टी आली तवा मले दंडाले धरून वर चढवलं. तालुक्याच्या दवाखान्यात मेंदूत चढनारा हिवताप निघाला. पोराच्या पायाले सलाईन लावली. ती बाई पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होती. डॉक्टर इचारे, "काय होतंय बाळाला?" अन् माझ्या तोंडातून निघे, "मजेत..." अन् ती मधीच म्हने, "डॉक्टर, तुम्ही मला विचारा."

पोरानं डोळे उघडले. दूध ओढलं. घरी जा म्हनले.

फाट्यावरून चालत आली तवा ऊन होतं, पोरगा खांद्यावर झोपला होता, डोक्यापासून पायापर्यंत दुपट्यात गुंडाळलेला. पाळीवर सासू बसली होती, गोट्याकडे पाठ करून. बाया म्हनत होत्या का ती रोज तिथीच बसे. मले पाहून उठली. जवळ आली नाई. दुरूनच इचारलं, "कसा आहे वो?"

मी दवाखान्यातून आली होती. तिथी जे आहे ते सांगा लागत होतं, अन् ते आता तोंडात बसलं होतं. मी म्हनलं, "बरा आहे."

सासूनं छाती पिटली अन् जमिनीवर पडली.

"काय झालं वो, काय झालं?" बाया धावल्या.

"बरा आहे म्हनते वो ते! बरा आहे म्हनते!"

अन् साऱ्या बाया एकदम रडाले लागल्या. एक माझ्या गळ्यात पडली, "कसा वो गेला सोन्यासारखा." मी म्हनून राह्यली, अवं नाई, अवं ऐका त, कोन ऐकते? त्या गोंधळानं पोरगा उठला अन् साऱ्याईपेक्षा मोठ्यानं बोंबलला.

बायाईचे पदर डोळ्यावरून खाली आले.

सासू उठली. दुपट्टा बाजूले केला. पोरानं तिच्या नाकातली फुली पकडली. तिनं ते सोडवली नाई. डोळ्यातलं पानी तसंच, अन् दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर एक धपाटा ठेवून देला. "खरं बोलली? पाळीवर? येडी झाली का तू?" मंग तशीच, पोरगा नाकाले लोंबलेला, गोट्याच्या पाठीकडे वळली अन् हंबरडा फोडला, "गेला रे, आमचा पोरगा गेला! काई राह्यलं नाई आमच्याजवळ!" अन् साऱ्या बायाईनं पुन्हा सूर लावला, पदराआड दात दिसून राह्यले होते.

मले तिचं पहिलं रडनं अन् हे रडनं सारखंच ऐकू आलं. यातलं खरं कोनतं ते हुलक्याले समजलं का, अन् समजलं त त्यानं काय केलं, ते मले आजबी माहीत नाई. सासू म्हनते, तिनं दवाखान्याच्या त्या साऱ्या दिवसात पाळीवर बसून "मस्त आहे, मस्त आहे" म्हनलं म्हनून पोरगा वाचला. मी म्हनतो, खरं सांगतलं म्हनून. दोघींचंबी खरं कसं असंल? कोनीतरी एक फसून राह्यली.

पुढच्या खेपेले नर्सबाई आली. गोट्यापासून दूर, समाजमंदिराच्या ओट्यावर बसली. बाळ कसं आहे म्हनून इचारलंच नाई. पहिले माझ्या हातून लोटा घेतला, पेली, मंग पोराच्या पोटाले हात लावला. तिले हे कोनी सांगतलं? मी नाई सांगतलं. सासूले इचारलं त ते म्हनली, "मी कायले सांगू?" म्हनजे सांगतलं का नाई ते समजून घ्या.

आता पोरगा चालते, बोलते. तो कसा आहे ते मी इथीबी लिहत नाई. पाहाचं असंल त घरी या. अन् आल्यावर पहिले पानी प्या, माझ्यासमोर.