पेंटरमामांच्या खांद्यावरची दस्ती

आमचे पेंटरमामा इतके भित्रे होते की स्वतः काढलेल्या वाघालाही घाबरत. शाळेच्या भिंतीवर वाघ काढायचा असला की सुरुवात शेपटीपासून. पट्टे, पंजे, मिशा सगळं निवांत. डोळे मात्र अगदी शेवटी, तेही हात लांब करून, एका पायानं शिडीची खालची पायरी चाचपत. दुसरं बुबुळ टेकवलं की मामा थेट रस्त्यावर. आमच्या बोरी गावात त्यांचा असा एकही वाघ नाही ज्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा घाईत काढलेला नाही. मी थापाड्या आहे हे गावाला ठाऊक आहे, पण वाघ अजून आहे. जाऊन बघा.

कुकरची शिट्टी व्हायची वेळ झाली की मामा घराबाहेरच्या ओट्यावर येऊन बसत. एसटीत पुढच्या सीटची दांडी अशी आवळत की परभणी येईस्तोवर दांडीला घाम फुटे. दवाखान्याचं तर नावच काढायचं नाही. मामी म्हणायच्या, "ह्यांना ताप आला की डॉक्टरला घरी बोलवावं लागतंय, आन् डॉक्टर आला की ह्यांना शेजाऱ्याच्या माळ्यावरून बोलवावं लागतंय."

आम्ही हसायचो. मामांना त्याचं काही वाटत नसे. सगळं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून ते सगळ्या गावाला भाचे म्हणत. खांद्यावरचा लाल रुमाल, म्हणजे त्यांची दस्ती, झटकून सांगायचे, "भाचे, न भिणाऱ्याला काय दिसतंय? काईच न्हाई. माणूस भ्यालं की नीट बघतंय."

हे खरं निघालं ते वस्तादांच्या भिंतीपायी.

वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे तलवारीचे गुरू. त्यांचा एक वार होता, उपसता वार. तलवार म्यानातून काढायची आणि मग मारायची, अशी दोन कामं नाहीत. निघता निघताच वार. सकाळी वस्तादांनी लिंबू कापलं तर ते लिंबाला दुपारी कळायचं, एवढंच सांगतो. पण वस्तादांचा हात थरथरायला लागला होता. बशीतला चहा ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा धोतरावर. एके दिवशी ते मामांना म्हणाले, "पेंटर, पुढल्या दसऱ्याला मूठ तरी धरता यील का, सांगता येत न्हाई. माझ्यामागं हा वार कुणाला येत न्हाई. तालमीच्या भिंतीवर काढून ठेव. असा काढ, की बघून शिकता आला पायजे."

मामांनी आधी लांबूनच पाहून काढलं. तलवारीच्या जागी पांढरे फराटे. वस्ताद म्हणाले, "हा काय झाडू हाय व्हय?"

माझं मोबाइलचं दुकान तालमीसमोरच. दुकानातला सगळ्यात भारी मोबाइल आणून मी शूटिंग घेतलं, हळू करून दाखवलं. मामांनी ते कितीतरी वेळा पाहिलं आणि मान हलवली. "भाचे, ह्याच्यात तलवार दिसायलीय. वार कुठाय? ज्याच्यावर येतो त्याला कसा दिसतो, ते पायजे."

वस्तादांना सावकाश करून दाखवा म्हणावं, तर सावकाश केलं की हात थरथरायचा. वेगातच तेवढा तो स्थिर राहायचा. म्हणजे तलवार खरी, वेग पुरा, आणि कुणीतरी समोर उभं राहायचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक दिसलं.

"मी ऱ्हातो," असं कुणीतरी म्हणालं. आवाज इतका बारीक होता की आधी वाटलं, पत्र्यावर चिमणी बोलली. मामा होते.

तो प्रसंग सांगताना मला थाप मारावी लागत नाही. मामा आखाड्याच्या मातीत उभे राहिले. चेहरा चुन्यासारखा. वस्तादांनी डावा हात म्यानावर ठेवला, उजवा मुठीवर, आणि तो उजवा हात थरथरत होता. मुठीची कडी म्यानावर वाजत होती, कट कट कट. तालमीत दुसरा आवाज नव्हता. वस्ताद म्हणाले, "पेंटर, अजून वेळ हाय. हट." मामांना बहुतेक हटायचंच होतं, पण पाय ऐकत नव्हते. दरवाजाआडून मामींचा हुंदका आला. मी डोळे मिटले.

कटकट थांबली.

डोळे उघडले तेव्हा पातं मामांच्या मानेपाशी होतं, आणि मानेत नि पात्यात कागद सरकला असता की नाही, देव जाणे. मामांची दस्ती मातीत पडली होती. मामा पापणीही न हलवता उभे होते. मग ओठ हलले, "डावा हात... उजव्यानं न्हाई काढली. डाव्यानं म्यान मागं वढलं." आणि तिथंच खाली बसले. वस्तादांनी तलवार टाकून त्यांना कवेत घेतलं. दोघंही थरथरत होते. कोण कुणाला सावरतंय, ते कळत नव्हतं.

मग भिंत रंगली. प्रत्येक चौकटीत झाड तेच, माती तीच, पाय त्याच जागी, जे हललं तेवढंच बदललेलं. म्यान हळदीसारखं पिवळं केलं, म्हणजे नजर आधी डाव्या हाताकडे जाते. समोरचा माणूस म्हणजे मामा स्वतः. पहिल्या चौकटीत दस्ती खांद्यावर, पुढच्यात घसरलेली, पुढच्यात कोपराशी, शेवटच्यात मातीत, आणि मानेशी पातं. क्षण कितपत सरला, ते दस्तीवरून कळतं. आणि मामांचे ते डोळे! भर उन्हातही त्यांच्याकडे बघून पाठीवर काटा येतो.

पण एक घोटाळा झाला. तालमीची भिंत रस्त्याकडेनं लांबलचक. पहिली चौकट एसटी स्टँडच्या अंगाला, शेवटची गावाच्या. वस्ताद दसऱ्याला गावातून आले, तर त्यांना आधी मानेशी आलेलं पातं दिसलं आणि चालता चालता तलवार म्यानात गेली. भडकलेच. "पेंटर! माझा वार म्यानात घालायलाय व्हय तू?"

"वस्ताद, स्टँडकडून येणाऱ्याला वारच दिसंल," मामा नजर चुकवत म्हणाले. "मला मात्र गावातूनच बाहीर जावं लागतंय. बाहीर जायाचं मला लय भ्या वाटतंय. जाताना आपली दस्ती खांद्यावर चढलेली दिसली की बरं वाटतंय."

"बदल ते!"

"बदलतो की. पाऊस सरू द्या." मग थंडी सरू द्या, मग ऊन सरू द्या. मामांनी बदललं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी मामांच्या छातीत कळ आली. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं म्हटल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं, ती बोटं अजून मनगटावर आहेत असं वाटतं. गाडी तालमीपाशी आली तेव्हा मामांनी मान उचलली. खिडकीतून चौकटी मागे पडत गेल्या. पातं मानेपासून हटलं, तलवार परतली, दस्ती मातीतून उठून कोपराशी आली, मग खांद्यावर. शेवटी हातपाय धडधाकट, मामा उभे.

"बघा भाचे," ते म्हणाले, "काई झालं न्हाई."

परभणीहून परत येताना गाडी स्टँडकडूनच येणार होती. दुसरी वाट नाही. तोंडावर चादर ओढलेल्या मामांच्या पायाशी मी बसलो होतो. पहिली चौकट आली. मग पिवळं म्यान मागे सरकलेलं. पुढचं मला बघवेना, पण डोळे मिटताही येईनात.

शेवटची चौकट दिसलीच नाही. वस्ताद बोडक्या डोक्यानं भिंतीला पाठ लावून उभे होते. डोक्याचा पटका सोडून त्यांनी दोन्ही हातांत ताणून धरला होता, त्या चौकटीवरून. गाडी पुढे जाईपर्यंत तो पटका थरथरत होता.