वरवट बकालची चिठ्ठी

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने लिहीत आलो. देऊळगाव राजाला तहसील कचेरीसमोर, कडुलिंबाखाली, एक उतरतं मेज आणि शाईची दौत, एवढ्यावर माझं पोट चाललं. वारसाची नोंद, बदलीचा अर्ज, रेडिओचं लायसन, काय म्हणाल ते. माणूस समोर उकिडवा बसून बोलायचा आणि मी त्याच्या तोंडचं कागदावर उतरवायचो. रडका अर्ज, तावातला अर्ज, हात जोडलेला अर्ज. ज्याचा त्याचा सूर मला बरोबर साधायचा. या कलेचा मी एकदा जो उपयोग केला, तो आज सांगून टाकतो. स्वतःच्या वतीने लिहायची सवय नाही, तेव्हा थोडं आडवंतिडवं होईल.

महाराष्ट्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हा. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. शाळेत कधी शिकवलं नाही, पण सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, कारण त्यांनी एक पेटी केली होती. जुन्या हार्मोनियमची पट्टी, पण आत भाता नाही. भात्याच्या जागी रेडिओचे व्हॉल्व्ह. पट्टी दाबली की कर्ण्यातून सूर निघायचा. तो ना बासरीचा, ना सनईचा. रेडिओची सुई फिरवताना दोन स्टेशनांच्या मधे जी शीळ येते ना, तिला कोणी गाणं शिकवावं, तसा. लोक तिला विजेची पेटी म्हणत. सोबत एक ढोलकीवाला आणि एक खंजिरीवाला. चिखली, मेहकर, पार जालन्यापर्यंत आमची पार्टी गेली.

आमची म्हणतो, कारण मी कायम बरोबर असायचो. वाजवता मला काहीच यायचं नाही. पण पेटीचा पहिला सूर ज्या दिवशी निघाला त्या दिवशी दुकानातल्या स्टुलावर मीच बसलेलो होतो, आणि पुढे ते स्टूल माझंच झालं.

पेटीची एक खोड होती. संध्याकाळी गावात दिवे लागले की व्होल्टेज पडायचं, आणि पेटीचा सूर मेणासारखा खाली यायचा. म्हणून मास्तरांचा कार्यक्रम नेहमी दुपारी चारला. लोकांना वाटे, मोठ्या कलावंताचा नेम असेल.

आणि चिठ्ठ्यांची चाल होती. मध्यंतराला मी टोपी घेऊन लोकांत फिरायचो. कोणी बिडीच्या पुड्याच्या कागदावर, कोणी एसटीच्या तिकिटामागे फर्माईश लिहून टाकायचं आणि खाली गावाचं नाव. ज्याला लिहिता येत नाही त्याला मी तिथेच लिहून द्यायचो. मास्तर एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत, गावाचं नाव आलं की ती कपाळाला लावत, आणि मगच वाजवत. चिठ्ठी कधी चुकवली नाही त्यांनी. म्हणायचे, "लिहून मागते म्हंजे तो माणूस मनातून मागते बे. तोंडानं तर कोणीबी काहीबी मागते."

एका हिवाळ्यात दोन केसाळ गोरे लोणारचं सरोवर पाहायला निघाले होते. त्यांच्याजवळ सेलवर चालणारा फिरकीचा टेपरेकॉर्डर होता, तो बंद पडला. कोणीतरी मास्तरांचं दुकान दाखवलं. यंत्र ठेवून ते लोणारला गेले ते चार दिवसांनी उगवले. बिघाड मास्तरांनी तासाभरात काढला, पण ते चार दिवस त्यांनी यंत्रातली ती एकच फीत ऐकली. पुन्हा पुन्हा. गिटारचा आवाज होता, पण फाटलेला, ताणलेला, मधेच उलटा फिरल्यासारखा. एकेक गाणं संपता संपत नव्हतं. मी स्टुलावर बसून वाट पाहिली, हे बंद करून मास्तर पेटी कधी काढतात.

"मास्तर, हे काऊन ऐकून राह्यले? याले ना मुखडा ना अंतरा."

"मलेबी समजून नाही राह्यलं," ते म्हणाले. "म्हून तर ऐकून राह्यलो."

मग त्यांनी जालन्याच्या एका बँडवाल्याकडची जुनी गिटार आणली. टेलिफोनच्या रिसिव्हरातलं लोहचुंबक काढून त्याला केसाएवढी तार गुंडाळली आणि ते तारांखाली बसवलं. इथवर ठीक. पण एक दिवस पाहतो, तर मास्तर चांगल्या स्पीकरच्या कागदाला ब्लेडने चिरा पाडत होते. ज्या माणसाने साऱ्या तालुक्याचे फाटके स्पीकर डिंक लावून सांधले, तो! पुढे ती स्पीकरची पेटी त्यांनी रॉकेलच्या रिकाम्या पिंपात तोंड घालून ठेवली. तार छेडली की आवाज पिंपातून असा यायचा, जसा विहिरीत कोणी बोलतंय आणि वरून मोटारसायकल चाललीय.

आमच्यातला एक शिंपी होता, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "मास्तर, आमची मशीन असा आवाज कराले लागली की आम्ही तेल टाकतो."

सगळे हसले. मास्तरही हसले. मी हसलो नाही. मला राग आला होता, आणि तो आवाजाचा नव्हता हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो. गिटार सुरू झाल्यापासून जालन्याच्या कॉलेजातली दोघं-तिघं पोरं दर रविवारी येऊ लागली. डोळे मिटून ऐकायची, मास्तरांशी तास तास बोलायची. एका रविवारी मी गेलो तर त्यातला एक माझ्या स्टुलावर बसलेला. मास्तरांनी मान वर करून म्हटलं, "ये बे, बस ना." कुठे बसू ते नाही सांगितलं.

एवढंच झालं होतं. लिहिताना लाज वाटते, पण एवढंच.

त्या वर्षी बालाजीच्या यात्रेत शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरला. मास्तर म्हणाले, पहिला भाग गिटार, दुसरा भाग चिठ्ठ्या पाहून. "लोक म्हणले पेटी, तर पेटी. म्हणले हे, तर हेच. आता चिठ्ठ्याच ठरवतीन." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "चिठ्ठ्या येऊ द्या."

त्या दिवशी सकाळी मी लिंबाखाली बसून वीस चिठ्ठ्या लिहिल्या. डाव्या हाताने, उजव्या हाताने, टाकाने, पेन्सिलीने. काहीत मुद्दाम काना-मात्रा सोडल्या. प्रत्येकीचा सूर वेगळा. मेहकरची चिठ्ठी रागावलेली, सिंदखेडराजाची काकुळतीची. आणि एक वरवट बकालची. ते गाव मी पाहिलं नव्हतं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरकडे. तिकडून बदलून आलेल्या एका गुरुजींचा अर्ज लिहिला होता, तेवढं नाव ध्यानात होतं. त्या चिठ्ठीत मी माझी सगळी कला ओतली: 'आम्ही मित्रमंडळ तीन गाड्या बदलून फक्त पेटी ऐकाले आलो. गावातल्या म्हाताऱ्या मंडळीले सांगून आलो होतो, ऐकून येतो अन तुम्हाले सांगतो. आता काय सांगू?'

चार वाजता मास्तरांनी गिटार घेतली. एकच चीज त्यांनी तासभर वाजवली. काही लोक उठून पाळण्यांकडे गेले. मागून कोणी ओरडलं, "टिनं फाडून राह्यला काय बे?" हशा झाला. पण पुढे बसलेले उठले नाहीत. फेटेवाला एक म्हातारा मांडीवर हात ठेवून तसाच बसून होता, विडी विझलेली. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

मध्यंतराला टोपी फिरवली. मंचामागे येऊन पाहिलं तर खऱ्या चिठ्ठ्या अकरा. तिघांनी पेटी मागितली होती, एकाचा बैल सुटला होता त्याची दवंडी. आणि सात जणांनी गिटार मागितली होती. मी ते सात कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले आणि टोपीत माझ्या वीस मिसळल्या.

मास्तरांनी एकेक वाचली. मेहकर, कपाळाला. सिंदखेडराजा, कपाळाला. वरवट बकालची त्यांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मनातल्या मनात. मग माईकवर म्हणाले, "वरवट बकालची मंडळी कोठी बसली? हात वर करा भाऊ." कोणी हात केला नाही. "लाजले," ते म्हणाले, आणि ती चिठ्ठी खिशात ठेवून पेटीपुढे बसले. ऊन उतरलं होतं, दिवे लागायला लागले होते, पेटी उतरलेली वाजत होती. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या.

इथे थांबलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण पंधरा दिवसांनी मास्तर लिंबाखाली आले. "चाल. वरवट बकालले जाऊन येऊ. पेटी घेऊन."

"काऊन?"

"अर्धीच ऐकली ना त्यांनी. तेबी उतरलेली. म्हाताऱ्यांले ऐकवून येऊ."

तापाचं निमित्त सांगता आलं असतं. पण ते एकटे गेले तर काय होईल या भीतीने मी गेलो. पेटी गोधडीत बांधून एसटीच्या टपावर चढवली. बुलढाणा, मग खामगाव, मग पुढे. प्रत्येक स्टँडवर मास्तर शिडीने वर चढून गोधडी चाचपून येत. प्रत्येक स्टँडवर मी ठरवलं, आता सांगू. खामगावला चहा घेताना तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हणालो, "साखर कमी हाये."

वरवट बकालला उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. पाटीसमोर चहाची टपरी होती. मास्तरांनी विचारलं, "मित्रमंडळ कोठी हाये भाऊ?"

"कोणतं मंडळ? अठी त भजनी मंडळ हाये."

"ते नाही. देऊळगावच्या यात्रेले आलते ते."

टपरीवाल्याने बाकावरच्यांना विचारलं. त्यांनी एकमेकांना विचारलं. "कोणतं देऊळगाव? राजाचं? अठून कोण जाते बापा तेवढ्या दूर!" एक जण म्हणाला, "पाव्हणे, कोणी चेष्टा केली तुमची."

मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्या बाकावरच्याला वाचायला देणार, तेवढ्यात हात थांबला. ते स्वतःच पाहत राहिले. दरवर्षी दुकानाचे सारे लायसनचे अर्ज मीच लिहायचो. माझं अक्षर त्यांनी कितीदा पाहिलेलं. मी हात बदलला होता, टाक बदलला होता. पण 'ळ' लिहिताना शेवटी एक गाठ मारायची माझी सवय, ती बदलायचं सुचलं नव्हतं. 'मित्रमंडळ', 'मंडळी', दोन्हीत तीच गाठ.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिठ्ठीची घडी केली. "पत्ता चुकला आसंल," टपरीवाल्याला म्हणाले. "पण आता आलोच हाओ, तर ऐकता का?"

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वीज मिळाली. भर दुपारी दोन तास मास्तर वाजवत होते, आणि व्होल्टेज असं चोख की पेटी कधी वाजली नाही तशी वाजली. माणसं भाकरी घेऊन येऊन बसली. शेवटी एका म्हातारबुवाने विचारलं, "हे लय झ्याक झालं बापू. अजून काही येते का?"

मास्तर पट्टीवर कापड पांघरत होते. म्हणाले, "येत होतं."

परतीच्या गाडीत त्यांनी ती घडी माझ्या हातात दिली. "ठेव. तुझी हाये." बस. ना त्या दिवशी, ना नंतर कधी, त्यांनी विषय काढला. मी सात कागद द्यायला हवे होते. घरी पेटाऱ्यात होते. दिले नाहीत, कारण दिले असते तर जे त्यांना कळलं होतं त्याहून वाईट कळलं असतं. चेष्टा केली, इतपत त्यांनी मला माफ केलं असेल. लोकांनी मागितलेलं मी दाबून ठेवलं, हे त्यांना माहीतच नव्हतं. गिटारीतलं लोहचुंबक त्यांनी काढून कुठल्यातरी कर्ण्यात बसवलं. जालन्याची पोरं यायची बंद झाली. स्टूल पुन्हा माझं झालं, आणि त्यावर मला नीट बसता आलं नाही.

तरी त्या दिवसांची आठवण गोडच येते, हे आणखी एक पाप. चार वाजताचं ऊन, तापलेल्या व्हॉल्व्हचा वास, मास्तरांचं ते "तुले काय समजते बे". ज्याचं मी नुकसान केलं त्याच्याबरोबरचेच माझे सगळ्यात चांगले दिवस गेले.

मास्तर आता जानेफळला मुलीकडे असतात. कान गेलेत. गेल्या महिन्यात मी सात कागद घेऊन गेलो आणि त्यांच्या खाटेवर मांडले. काय केलं ते ओरडून ओरडून सांगितलं; मुलगी चुलीपासून उठून दारात आली, तिच्यासमोरच सांगितलं. मास्तरांनी चष्मा लावला. एकेक कागद वाचला, गाव वाचलं, कपाळाला लावला. पहिल्यासारखाच. सहा झाले. सातवा पेन्सिलीचा, पुसट.

"दिसत नाही. तू वाच."

मी वाचलं: "लांबवालं पुन्हा होऊ द्या. समजलं नाही, पण उठावं वाटलं नाही. जानेफळ."

"मोठ्यानं."

मी मोठ्याने वाचलं. त्यांनी कानामागे हात धरला. मी आणखी मोठ्याने वाचलं, रस्त्यावरचा माणूस वळून पाहील इतक्या.

"जानेफळ?" ते म्हणाले. "म्हंजे अठलाच कोणी." चष्मा काढून त्यांनी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तव्हाच द्याची होती बे."

"हाव मास्तर."

ती चिठ्ठी त्यांनी कपाळाला लावली नाही. घडी करून खिशात ठेवली.