बाबा धावत सुटले ते वर्ष

आईच्या वस्तू आम्ही दोघी बहिणींनी वाटून घेतल्या. शिवणयंत्र शोभाकडे गेलं, पाटा-वरवंटा माझ्याकडे आला. पण बाबांच्या त्या एका वर्षाची वाटणी काही अजून झालेली नाही. शोभा एक किस्सा सांगायला लागली, की मी 'तसं नव्हतं ते' म्हणून मध्येच तोडते. मी सांगायला लागले, की ती तोडते. आमच्या दोघींचे नवरे तेवढ्यात उठून पान खायला निघून जातात. इतक्यांदा ऐकलंय त्यांनी.

साठ-एकसष्टची गोष्ट. बाबा सरकारी कचेरीत कारकून. चार वर्षं अकोल्याला होते, आम्ही अमरावतीला. पंधरा दिवसांतून एकदा रविवारी यायचे. मग एकदाची बदली झाली आणि ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. मी सातवीत होते, शोभा चार वर्षांची. शेजारच्या काकूंनी शोभाला विचारलं, "कोन आलं वो तुमच्या घरी?"

शोभा म्हणाली, "पाहुणे. आता जातच नाईत ते."

बाबा दारातच पाय धूत होते. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर कागद चिकटवला. अक्षर कचेरीतलं. 'पहाटे ५ ते ६ – धावणे. सायं. ६ ते ७ – कुटुंब. ७ ते ८ – वाचन, सर्वांसह.' खाली सही. शिक्का तेवढा राहिला होता.

आई कागदाकडे बघून म्हणाली, "अन् भाकरी कोन थापीन, त्याची येळ कुठी हाय याच्यात?"

*

पहिल्याच पहाटे बाबा कॅनव्हासचे बूट घालून बडनेऱ्याच्या रस्त्याने धावत निघाले. त्या काळात मोठा माणूस धावायचा तो दोनच कारणांनी. गाडी सुटली म्हणून, नाही तर घरात काही झालं म्हणून.

समोरून सायकलवर दूधवाला आला. तो थांबला. "काय झालं भाऊ? कोन सिरीयस हाय?"

"कोनी नाई. मी असाच धावून राहिलो."

"असाच कोनी धावते का? बसा मांगं."

बाबा नाही म्हणाले. दूधवाला सायकल वळवून त्यांच्या बाजूने चालवायला लागला. "भाऊ, लाजू नका. माणसाच्या येळेवर माणूस कामी येते. बसा."

अर्धा मैल हे चाललं. शेवटी बाबा कंटाळून सायकलवर बसले. त्याने दुधाच्या कॅनसकट त्यांना थेट दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं आणि कंपाउंडरला झोपेतून उठवलं.

"छातीत धडधड होते का?" कंपाउंडरने विचारलं.

"होते," बाबा म्हणाले.

"दम लागते?"

"लागते ना."

"कवापासून?"

"आजपासूनच."

बाबा लाल औषधाची बाटली घेऊन घरी आले. त्या बाटलीवर तीन डोसांच्या खुणा होत्या. आईने तीनही डोस पाजले.

*

धावण्यापेक्षा कुटुंबाचा तास अवघड होता. सहा वाजले, की बाबा सतरंजी टाकून बसायचे आणि आम्हाला समोर बसवायचे. मग म्हणायचे, "हं. बोला."

काय बोलणार? मी भूगोल म्हणून दाखवायचे. शोभा आईच्या पाठीमागे जाऊन पदर तोंडावर ओढून घ्यायची. आई ज्वारी निवडत बसायची. एकदा बाबा तिला म्हणाले, "तूही बोल ना काई."

"ज्वारीत खडे लई हायेत."

"अजून?"

"अजून त लईच हायेत."

बाबांनी सूप पुढे ओढलं आणि तेही निवडायला लागले. पण त्यांनी खडे ठेवले आणि ज्वारी फेकली. आई सूप हिसकावून घेत म्हणाली, "कचेरी कशी चालते ते समजलं आज मले."

*

वाचनाचंही तसंच. चौकातल्या वाचनालयातून ते आठवड्याला एक पुस्तक आणायचे. निवडायचं नाही, असा त्यांचा नियम. पहिल्या कपाटाचा पहिला कप्पा, डावीकडून सुरुवात. पहिलं पुस्तक निघालं ते कोंबड्यांच्या रोगांचं. आठवडाभर आम्ही जेवताना कोंबड्यांचे जंत ऐकले.

"आपल्या घरी एक तरी कोंबडी हाय काय?" आईने विचारलं.

"ज्ञान वाया जात नाई," बाबा म्हणाले.

"अन्न जाते ना," आई म्हणाली. माझं ताट भरलेलंच होतं.

पुढे कधीतरी कादंबरी हाती लागली. खुनाची. बाबा झकास वाचायचे, आवाज बदलून. पण आठाचा ठोका पडला, की पुस्तक बंद. खुनी दाराशी आलेला असो, नाही तर खाटेखाली लपलेला. आई तडफडायची. "अवो, एक पान." नाही म्हणजे नाही.

आई चौथी शिकलेली, पण बारीक टाईप तिला लागत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तशी म्हणाली, "हातपाय मंग धू. ते पुस्तक आन." तीन दुपारी बसून आम्ही कादंबरी संपवली.

त्या संध्याकाळी बाबा रंगात आले होते. पावलांचा आवाज येतोय, कंदील विझलाय. आई पीठ मळता मळता म्हणाली, "मुनीम हाय तो. बायकोच पकडून देते त्याले शेवटी."

बाबांनी पुस्तक मिटलं. पुढची सगळी पुस्तकं ते रोज सकाळी कचेरीत घेऊन जायचे आणि संध्याकाळी परत आणायचे.

*

दिवाळीत आम्ही आईच्या माहेरी गेलो. तिथेही पहाटे बाबा हाफ पँट घालून निघाले. गल्लीत जावई हाफ पँटीत. आईची तर मान खाली. आजोबा कोणाला टाकून बोलणारे नव्हते. त्यांनी बाजारातून चांगलं जाड कापड आणलं आणि बाबांसमोर ठेवलं. "जावईबापू, एक फुल पँट शिवून घ्या."

बाबांना गहिवरून आलं. त्याच दिवशी ते शिंप्याकडे गेले. आल्यावर आजोबांना म्हणाले, "मामाजी, कापड लई चांगलं निंगालं. दोन हाफ झाल्या त्याच्यात."

*

धावून धावून बाबांच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि एक दिवस निघालं. आई म्हणाली, "टाका ते बाहीर." शोभा मात्र जवळ आली. बाबा आल्यापासून ती त्यांच्या जवळ गेली नव्हती. तिने ते नख उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "दुखलं काय?"

"थोडंसं," बाबा म्हणाले.

तिने ते काडेपेटीत ठेवलं आणि गल्लीतल्या एकेका दारात जाऊन दाखवून आली. "माह्या बाबाचं हाय. हात नका लावू."

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्या दिवशी ते कचेरीत उशिरा गेले.

*

पौषात बाबांनी जाहीर केलं, मोझरीपर्यंत धावणार. वीस-बावीस मैल. ते पहाटे निघाले. आई, मी आणि शोभा डबा घेऊन एसटीने पुढे गेलो आणि मोझरीच्या थांब्यावर बसलो. दहा वाजले. अकरा वाजले. बाबांचा पत्ता नाही. आईची बडबड आधी मोठी होती, मग बारीक झाली, मग थांबली.

साडेअकराला तिने चहावाल्या बाईला सांगितलं, "पोरीइवर ध्यान ठेवजा बाई," आणि अमरावतीकडे निघालेल्या एका रिकाम्या बैलगाडीत बसून गेली.

आम्ही रस्त्याकडे डोळे लावून बसलो. शोभाने डब्यातली एक पोळी खाल्ली, मग दुसरी. मला काही खाववलं नाही.

दीड वाजता लांबवर दोन माणसं दिसली. मागे बाबा होते, लंगडत, पण धावत. त्यांच्या दोन्ही हातांत आईच्या चपला होत्या. पुढे आई. पदर कमरेला खोचलेला, अनवाणी, आणि ती धावत होती.

थांब्याशी येऊन ती ओट्यावर बसली. चहावाल्या बाईने दिलेलं पाणी प्यायली, तोंड पुसलं. मग बाबांकडे बघून म्हणाली, "एवढंच होतं काय? याच्यासाठी सालभर डोकं खाल्लं आमचं?"