पाय ब्रेकवर
गॅरेजवरून जाताना ब्रेक ऑइलचा वास आला की मला आईच्या मातीचा दिवस आठवतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. आम्ही श्रीरामपूरजवळ राहत होतो. सकाळी जामखेडहून धाकट्या भावाची तार आली, आई गेली, दिवस मावळेपर्यंत थांबतो. एसटी निघून गेली होती. दारात सासऱ्यांची जुनी मोटार होती, पण तिच्या मागच्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं. नवऱ्याने चाक उतरवलं, ड्रम काढला, आतलं फाटकं रबर बदललं आणि नळीतली हवा काढायला मला ब्रेकवर पाय ठेवून आत बसवलं. तो गाडीखालून ओरडायचा, "दाब! आता धरून ठेव, सोडू नको!" तेवढ्यात शेजारणी माझ्या गळ्यात पडून रडायला आल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं, खाली उतर, रडून मोकळी हो." खालून नवरा म्हणाला, "मावशे, ती उतरली तर नळी परत हवा धरंल. तिथंच रडू द्या तिला." मग त्यांनी खिडकीतून हात घालून माझं डोकं धरलं आणि गळा काढला. मला रडू येईना, सगळं ध्यान पायाकडे. तेल पुन्हा गळालं, ड्रम पुन्हा खोलला. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. आम्ही पोचलो तेव्हा माणसं ओढ्यावरून अंघोळ करून परतत होती. भाऊ म्हणाला, "आक्का, लई थांबलो गं." मी नवऱ्याला बोल लावला नाही, त्याने हयगय केली नव्हती. आईचं तोंड शेवटी कसं दिसत होतं, हे भावाला विचारायचं राहिलं. आता तोही नाही.